संगणकाचे बियाणे बदलणारे व्याही

आमच्या व्याह्यांच्या हाती पडलेला एकही संगणक आजवर जसा होता तसा राहिलेला नाही. हे विधान मी पुरेशा विचाराअंती करीत आहे. खालापूर तालुक्यातले त्यांचे गाव आणि कर्जतमधले आमचे घर यांना जोडणाऱ्या रस्त्यावर ज्यांच्या ज्यांच्या घरी संगणक आहे, त्यांतले निम्मे लोक व्याह्यांचे उपकृत आहेत आणि उरलेले निम्मे त्यांच्यापासून सावध आहेत. पळसदरीच्या अलीकडे एक भातगिरणी लागते. तिचा मालक एरवी मोठा धीट मनुष्य. पण व्याह्यांच्या स्कूटरची फटफट ऐकू आली की तो आपला लॅपटॉप कोंड्याच्या पोत्यामागे सरकवतो, असे त्याने स्वतःच मला सांगितले. संगणक बिघडलेला असावा, अशी व्याह्यांची अटच नसते. बिघडलेला संगणक दुरुस्त करणारे पुष्कळ असतात. व्याह्यांना उत्तम चाललेला संगणक दिसला की राहवत नाही. तो इतका बरा चालतो आहे, तर दुसऱ्या एखाद्या यंत्रणेवर आणखी किती बरा चालेल, हा प्रश्न त्यांना पडतो, आणि एकदा पडला की उत्तर मिळाल्याशिवाय ते जेवायला बसत नाहीत.

यंत्रणा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. संगणक सुरू करताच जी सर्वांत आधी जागी होते आणि बाकीची सारी कामे जिच्या आधाराने चालतात ती. व्याही तिला ‘शिष्टीम’ म्हणतात. रसायनीच्या एका कारखान्यात त्यांनी सारी नोकरी मापकयंत्रांच्या देखभालीत काढली, त्यामुळे काटा जागच्या जागी थरथरत नसेल तर त्यांना चैन पडत नाही. परंतु त्यांचा मूळ पिंड शेतकऱ्याचा. भाताचे बियाणे दर दोन-तीन वर्षांनी बदलावे, ही शिकवण त्यांच्या वडिलांची. कर्जत-तीन झाले की कर्जत-पाच, ते झाले की कर्जत-सात, असे ते आयुष्यभर पेरीत आले. संगणकाच्या बाबतीतही त्यांचे शास्त्र तेच आहे. “एकाच शेतात तेच बियाणं किती वरसं टाकायचं, इवाई? बदललं की पीक कसं तरारतं,” असे ते मला म्हणतात. त्यांच्या बोलीत व्याही म्हणजे इवाई. निरनिराळ्या शिष्टीमांची तुलनाही ते तांदळाच्या भाषेतच करतात. विंडोज म्हणजे दुकानातला कोलम, कोणाच्याही पानात वाढा, कुणी नाही म्हणणार नाही. मॅक म्हणजे बासमती, वास घरभर, पण तो सणाला. आणि लिनक्स म्हणजे घरचा तांबडा भात, चावायला वेळ लागतो, पण दिवस कलेपर्यंत भूक लागत नाही. या तांबड्या भाताचेही अनेक वाण असतात आणि त्यांतल्या एकाचे नाव चक्क पुदिन्यावरून ठेवलेले आहे, हे ज्ञान मला त्यांच्यामुळेच झाले.

डॉक्टरांनी तंबाखू बंद केल्यावर त्यांच्या पितळी पानाच्या डब्याला काही काम उरले नव्हते. त्यात आता निरनिराळ्या शिष्टीमांचे पेनड्राइव्ह असतात. जिथे चुना असे तिथे विंडोज, काताच्या खणात पुदिना, सुपारीच्या खणात ज्यांची पारख अजून व्हायची आहे असे नवे वाण. कोणाकडे गेले की पाणी पिऊन झाल्यावर ते डबा उघडतात, समोरच्यापुढे सरकवतात आणि पूर्वी पान पुढे करताना ज्या आदबीने विचारत, त्याच आदबीने विचारतात, “यातलं कंचं लावू?” काहीच लावू नये, असा एक पर्याय असू शकतो, हे त्या विचारण्यात बसतच नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरच्या संगणकात तर एकाच वेळी दोन शिष्टीम नांदतात. कळ दाबली की तो आधी कोणत्या शिष्टीममध्ये जायचे ते विचारतो. आमच्या विहीणबाईंना दुपारी कीर्तन ऐकण्यापलीकडे संगणकाकडून काही नको असते. त्या एकदा माझ्या पत्नीला म्हणाल्या, “दाराशी उभा राहून इचारतो, कंच्या घरात जायचं. मी काय सांगू? मी चूलच पेटवते झालं.” व्याह्यांनी ही तक्रार ऐकली आणि त्यांच्या सोयीसाठी तिसरी शिष्टीम बसवली.

माझ्या संगणकाशी त्यांची ओळख मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी झाली. आमच्याकडे मंडळी जमली होती, देवाणघेवाणीची बोलणी मोठी माणसे हलक्या आवाजात करीत होती, आणि व्याही मात्र मान वाकडी करून कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहत होते. संगणकावर पत्नीने विणलेला रुमाल होता. व्याह्यांनी तो अलगद उचलला, आत डोकावून पाहिले आणि गंभीरपणे विचारले, “किती वरसं हाच हाय?” मुलीकडच्या बापाच्या मनाची त्या दिवशी जी अवस्था असते, तीत कोणताही प्रश्न मुलीविषयीच वाटतो. मी चाचरत म्हणालो की आपण म्हणाल तसे करू. त्या एका वाक्याचा अर्थ त्यांनी त्यांच्या परीने घेतला आणि लग्नाच्या धामधुमीतच कधीतरी माझ्या संगणकाचे पहिले बियाणे बदलले गेले.

आमच्या भागात मुलीचा बाप व्याह्यांना ‘नको’ म्हणत नाही. तसा नियम कोठे लिहिलेला नाही आणि व्याह्यांनी तो कधी मागितलेलाही नाही. पण लेक ज्या घरी सुखाने नांदते, त्या घरच्या कर्त्या माणसाने आपल्या दारात येऊन काही करू इच्छिले, तर आपण पाट मांडतो. त्यात मी मूळचाच भिडस्त. सारी हयात संस्कृत शिकवण्यात गेली, आणि वर्गातल्या मुलांनाही मी ‘कृपया’ म्हणत असे. त्यामुळे व्याही यायचे, मी पाट मांडायचो, ते आपले काम करायचे. या कामाचा पहिला भाग म्हणजे जुने सारे पुसून टाकणे. त्याला ते ‘राब भाजणे’ म्हणतात. भाताची रोपे जिथे करायची, त्या जागेवर आमच्याकडे उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजून काढतात, तोच हा राब. संगणकाचा राब भाजण्यापूर्वी ते माझ्या सर्व फाइली काळजीपूर्वक दुसरीकडे उतरवून घेत, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. नवी शिष्टीम बसली की ते मला खुर्चीवर बसवीत, चार खिडक्या उघडायला आणि मिटायला लावीत आणि नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखे विचारीत, “हलकं वाटतंय का?” मी प्रत्येक वेळी हलके वाटते असे सांगितले. पत्नीने मागच्या वर्षी कोंडाण्याच्या लेण्यांपाशी काढलेले फोटो त्यानंतर कुठे सापडतात, हे शोधण्यात पुढचा आठवडा जाई. पण त्याविषयी घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

निवृत्तीनंतर मी स्टेशनाजवळच्या एका क्लासमध्ये मराठी टंकलेखन शिकलो. नोकरीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर बसून, करंगळीला तिची कळ शोधायला लावीत, मी हळूहळू लिहू लागलो. तिथे शिकवीत तो फाँट जुन्या वळणाचा होता. आता सर्रास वापरतात ते युनिकोड मी उशिरा सुरुवात करूनही शिकलो नाही, कारण बोटांना एकदा जागा पाठ झाल्यावर त्यांना पुन्हा त्रास देणे माझ्या जिवावर आले. त्याच फाँटमध्ये मी शाळेच्या आठवणी लिहीत गेलो. भातकापणीच्या दिवसांत ओस पडणारे वर्ग, डोक्यावर दप्तर धरून ओढा ओलांडणारी मुले, सुभाषिताचा अर्थ विचारला की बैलाचे उदाहरण देणारा एक विद्यार्थी, अशा त्या साध्या गोष्टी. छापण्याजोगे काही होईल अशी माझी समजूत नव्हती. परंतु पुण्याच्या एका प्रकाशकांनी त्या वाचल्या, पसंत केल्या आणि अंतिम प्रत सोमवारी सकाळी हाती पडली तरच पुस्तक या हंगामात निघेल, असे कळवले. सदुसष्टाव्या वर्षी माणसाचे पहिले पुस्तक निघायचे असते, तेव्हा पुढच्या हंगामाचा भरवसा तो फारसा धरत नाही. मी शेवटच्या दुरुस्त्या शनिवारी संध्याकाळी पूर्ण केल्या. मुद्रणदोष एकदा सकाळच्या उजेडात पाहावेत आणि मग पाठवावे, असे ठरवून निजलो.

रविवारी सकाळी व्याही आले.

त्यांच्या हातात वालाच्या शेंगांची पिशवी होती आणि काखेत डबा. मी या प्रसंगासाठी एक वाक्य तयार ठेवले होते. ‘तूर्त संगणकास हात न लावण्याची कृपा व्हावी’ असे ते वाक्य होते आणि स्नान करताना मी ते दोनदा म्हणूनही पाहिले होते. पण व्याह्यांनी दारातच सांगितले की शेंगा पहाटे स्वतः तोडल्या, नातवाच्या आजोबांना पहिला तोडा द्यायचा म्हणून. त्यानंतर ते वाक्य उच्चारणे मला शक्य झाले नाही. मी पाट मांडला. त्यांनी फाइली उतरवून घेतल्या, राब भाजला, पुदिन्याचा नवा वाण पेरला. दुपारच्या जेवणाआधी सारे काही उगवून आले. व्याह्यांनी फाइली जागेवर ठेवल्या आणि मला बसवून म्हणाले, “उघडा तुमचं पुस्तक. बघा कसं पळतंय.”

मी उघडले. पुस्तक खरोखरच क्षणात उघडले, परंतु त्यात मराठीचे एकही अक्षर नव्हते. पानेच्या पाने टोपी घातलेले इंग्रजी स्वर, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे आणि उलटी प्रश्नचिन्हे यांनी भरलेली होती. ओढा नव्हता, मुले नव्हती, बैल नव्हता. व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बराच वेळ पाहून अत्यंत सौम्य स्वरात विचारले, “इवाई, हे तुमीच लिवलं व्हतं ना?”

मी होय म्हणालो असेन. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि आमचे चेहरे पाहून परत गेली. व्याह्यांनी फाइल बंद करून उघडली, संगणक बंद करून उघडला. आदल्या आठवड्याची प्रत उघडली, आदल्या महिन्याची उघडली. सगळीकडे तीच टोपीवाली वस्ती. त्यांच्या मानेवरून घाम उतरत होता. शेवटी ते उठले, खिडकीशी गेले, आणि पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाले, “तुमी नाय का म्हणला नाय? एकदा नुसतं नाय म्हणायचं. मी काय ढकलून आत आलो असतो?”

मी म्हणालो, “तुम्ही व्याही आहात.”

“म्हंजे इतकी वरसं तुमाला हे नकोच व्हतं?”

मी संगणकावरचा रुमाल उचलून त्याची घडी घालू लागलो, आणि तेच त्यांना उत्तर म्हणून पोचले. ते मोठे होते, रुंद खांद्यांचे होते. पण त्या क्षणी वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखे दिसले. त्यांच्याकडे पाहणे अशक्य झाल्यामुळे मी पडद्याकडे पाहू लागलो, आणि निव्वळ सवयीने एकेक पान खाली सरकवू लागलो. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रत्येक काही पानांनंतर, ओळीच्या मधोमध, चिन्हांचा तोच एक पुंजका येत होता. मी ‘प्रकरण’ हा शब्द नेहमी तसाच मधोमध लिहीत असे. मी पुढे गेलो. परिच्छेद माझ्याच लांबीचे होते. जिथे मी सुभाषिते दिली होती, तिथे दोन आखूड ओळी होत्या. कोणी काही पुसले नव्हते. सारा मजकूर जागच्या जागी बसून होता. त्याला फक्त त्याचा वेश मिळत नव्हता.

मी हे शक्य तितक्या संकोचाने सांगितले. व्याही दोन ढांगांत परत आले, पडद्याशी नाक नेले, पुंजके मोजल्यासारखे बोट फिरवले, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. माझा फाँट जुन्या शिष्टीमच्या पोटात होता. फाइली त्यांनी उतरवून घेतल्या होत्या, फाँट राबात भाजला गेला होता. मागच्या पेरणीनंतर क्लासवाल्यांनी तो कसा घालून दिला हे मला माहीत नव्हते आणि रविवारी क्लास बंद. तो फाँट असलेला दुसरा एकच संगणक आम्हा दोघांनाही ठाऊक होता: माझ्या मुलीचा. माझी पहिली प्रकरणे तिने तपासली होती, तेव्हा तिने तो आपल्या लॅपटॉपवर घालून घेतला होता. व्याह्यांच्याच घरात असूनही त्या लॅपटॉपचे बियाणे कधी बदललेले नव्हते, कारण सासरी आल्यावर पहिल्याच महिन्यात तिने त्यांना शांतपणे सांगितले होते, “पप्पा, याला तेवढा हात लावायचा नाय.” आणि व्याह्यांनी, ज्यांना साऱ्या पंचक्रोशीत कोणी अडवू शकले नाही, तो शब्द पाळला होता.

आता फोन कोणी करायचा, हा प्रश्न उभा राहिला. व्याह्यांचे म्हणणे, मुलगी माझी आहे. माझे म्हणणे, सून त्यांची आहे. ते म्हणाले की बापाला ती बोलणार नाही. मी म्हणालो की सासऱ्यांचा ती मान राखते. आम्ही दोन म्हातारी माणसे एका फोनकडे पाहत बसलो होतो. पत्नीने आतून येऊन तो उचलला, लावला आणि माझ्या कानाशी धरला.

मी प्रास्ताविक सुरू केले. हवापाणी, नातवाचा खोकला. माझे तिसरे वाक्य पुरे होण्याआधी मुलीने विचारले, “बाबा, पप्पा तिथंच हायत ना?” आमच्या घरात शुद्ध बोलायला शिकलेली माझी मुलगी आता ‘हायत’ म्हणते, आणि ते तिच्या तोंडी इतके सहज वाटते की मी सुधारायचे कधीच सोडून दिले आहे. मी हो म्हणताच ती म्हणाली, “फोन द्या त्यांना.” व्याही फोन घेताना उभे राहिले. पुढचे संभाषण मला एकाच बाजूने ऐकू आले. ‘हां’, ‘नाय गं’, ‘पुसलं नाय काय, सगळं हाय’, ‘हां, चुकलं’, ‘त्यांनी नाय म्हणलं नाय गं’. नंतर ते हळूच म्हणाले, “पाठव बाय माझी. त्यांचं पुस्तक हाय.”

फाँट फोनवर आला. व्याह्यांनी तो संगणकात घेतला, योग्य जागी ठेवला, आणि माझी फाइल उघडण्याआधी माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी विचारले, “उघडू?”

मी मान हलवली. पडदा एकदा लुकलुकला आणि टोप्या, डॉलर, उलटी प्रश्नचिन्हे यांच्या जागी ओढा आला, मुले आली, त्यांची भिजलेली दप्तरे आली. व्याही खुर्ची ओढून बसले आणि पहिले प्रकरण मोठ्याने वाचू लागले. माझे लिखाण त्यांनी यापूर्वी कधी वाचले नव्हते. संगणकाला ते किती जड आहे एवढेच त्यांना माहीत होते. वाचता वाचता ते बैलाच्या उदाहरणापाशी आले, थांबले, आणि पोट धरून हसले. “हा पोरगा आमच्या गावचाच असणार,” असे म्हणून त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचले. पत्नीने ताटे वाढली तरी ते उठले नाहीत. जेवणे तिसऱ्या प्रहरी झाली. त्यांच्या देखतच मी प्रत पुण्याला पाठवली, आणि ती पोचल्याचे उत्तर येईपर्यंत त्यांनी स्कूटरची किल्ली हाती घेतली नाही. निघताना चपला घालता घालता म्हणाले, “इवाई, नाय म्हणायला शिका. तुमची पोरगी म्हणते की. आमाला काय राग येतो?”

पुस्तक त्या हंगामात निघाले. व्याह्यांनी त्याच्या प्रती गावभर वाटल्या. भातगिरणीच्या मालकालाही एक दिली, आणि तो लॅपटॉप न लपवता ती घ्यायला बाहेर आला. त्या दिवशी पेरलेला पुदिना माझ्या संगणकावर अजून आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो उत्तम चालतो. पुढे एकदा व्याही नवा वाण घेऊन आले, तेव्हा मी डोळे मिटून म्हणालो, “नको.” शब्द फार लहान निघाला. पण त्यांनी ऐकला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि आत ओरडून विहीणबाईंना, म्हणजे माझ्या पत्नीला, सांगितले की इवायांना जमलं. मला परीक्षेत पास झाल्यासारखे वाटले. आमचे फोटो आता वर्षभर एकाच ठिकाणी सापडतात. सकाळी संगणक उघडताना काय दिसेल याची धास्ती उरलेली नाही. या सुटकेचे सुख मी अजून रोज थोडे थोडे घेतो.

व्याही अजूनही रविवारी येतात. आधी फोन करतात, “कामाला नाय, नुसताच येतो,” म्हणतात. नुसते आल्यावर काय बोलायचे हे प्रथम आम्हा दोघांनाही कळत नसे, कारण आमचे सारे बोलणे इतकी वर्षे संगणकातूनच होत आले होते. मग हळूहळू ते शेताचे बोलू लागले. त्यांच्या शेजारची भातखाचरे एकेक करून कुंपणात गेली, तिथे शहरातल्या लोकांची सुटीची घरे झाली. आणि दोन्ही मुले नोकरीला असल्यामुळे त्यांची स्वतःची खाचरेही दोन वर्षे पडीक आहेत. वालाचे चार वाफे तेवढे ते लावतात. नवे बियाणे कोणते आले आहे, हे मात्र ते अजून माहीत करून घेतात. हे सांगत असताना आतल्या खोलीत माझा संगणक नव्या आवृत्तीविषयी काहीतरी सांगण्यासाठी टिंग करतो. व्याही बोलता बोलता थांबतात, मान त्या बाजूला वळते, आणि दुसऱ्याच्या शेतात डोकावल्यासारखे वाटून ते ती पुन्हा सभ्यपणे वळवून घेतात. अशा वेळी ‘एकदा बघता का’ हे शब्द माझ्या ओठांपर्यंत येतात. मी ते गिळतो, आत जाऊन चहा आणतो आणि कप त्यांच्यापुढे धरतो. ते तो दोन्ही हातांनी घेतात.